प्रकल्प नोंदी: कार्डाची गळती, उन्हाळा २०२५

५ एप्रिल २०२५, शनिवार

सकाळी साडेसातला मोबाइल टुणकला. कार्डावरून ₹८,४९९ गेले. कोणाला? नाव इंग्रजी अक्षरांचं गाठोडं, शेवटी 'एज्यु'. पाच मिनिटं कळलंच नाही. मग ट्यूब पेटली: पोराचं गणिताचं अ‍ॅप. सातवीत असताना घेतलं होतं, आता तो नववीत. अ‍ॅप मोबाइलवरून काढून दीड वर्ष झालं.

ओटीपी आला नाही, कुणी विचारलं नाही, पैसे गेले.

ग्राहक सेवेला फोन लावला. आवाज चढवूनच बोलले, खोटं कशाला सांगू. "मला न विचारता पैसे कसे कापले?" पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, ३ तारखेला तुमच्या ईमेलवर सूचना गेली आहे." कोणत्या ईमेलवर? जुन्या ऑफिसच्या. तो मी आता महिन्यातून एकदा उघडते, तोही टेंडर शोधायला. उघडून पाहिलं. खरंच होतं. व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक, कशासाठी कापणार ते कारण आणि खाली 'नको असल्यास येथे'. वर सोफ्याच्या सेलची जाहिरात, खाली कर्जाची, मधे हे.

म्हणजे बँक बरोबर, मी चूक. सकाळी सकाळी फार लागलं.

साइटची डायरी रोज लिहितेच, वॉटरप्रूफिंगचं काम म्हटलं की त्याशिवाय भागत नाही. त्याच डायरीच्या मागच्या पानांवर हे सुरू करते. काम: कार्डावरून आपोआप जाणारा पैसा शोधणे, नको तो बंद करणे. मुदत: दोन बिलं.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

संध्याकाळी नागपूरच्या पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा, तिकडचे रस्ते बंद. घरचे सगळे पाहायला गेले. मी कूलरसमोर फरशीवर बारा महिन्यांची बिलं पसरून बसले. वाळ्याचे पडदे नवेच लावलेत, त्यामुळे निदान वास तरी चांगला होता.

मोबाइलवर पाहिलं असतं तर दोन तासांत आटोपलं असतं, पण मोबाइलवर नजर घसरते. म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. पोराचा पिवळा हायलायटर घेतला. नियम: जी ओळ दुसऱ्यांदा दिसेल ती पिवळी, आणि वर्षाची वर्गणी एकदाच दिसली तरी पिवळी. रक्कम तीच असायला पाहिजे असं नाही, नाव तेच पाहिजे. वर्षातून एकदाच येणाऱ्यांसाठी बारा महिने लागतात. तीन महिन्यांची बिलं घेतली असती तर अर्धी सुटली असती.

नावांनी फार छळलं. दुकानाचं नाव वेगळं आणि बिलावर छापून येतं ते वेगळं. एका ओळीत पाच अक्षरं, मग चांदणी, मग एक गाव. नेटवर शोधलं तर ते व्यायामाचं अ‍ॅप निघालं. तीन ओळी नुसत्या मोबाइलच्या अ‍ॅप-दुकानाच्या नावावर. आत कोणतं अ‍ॅप आहे ते बिल सांगत नाही. त्यासाठी मोबाइलमध्ये त्या दुकानात जाऊन 'सबस्क्रिप्शन्स' उघडावं लागलं.

रात्री नऊला मोजणी झाली. तेरा.

ठेवायच्या पाच: ऑफिसचं ड्रॉइंग सॉफ्टवेअर, फोटो साठवण महिना ₹१३०, बाबांचा आरोग्य विमा, विजेचं बिल, मोबाइल.

काढायच्या आठ, वर्षाच्या हिशेबाने: गणिताचं अ‍ॅप ₹८,४९९. अँटिव्हायरस ₹२,१९९, तो ज्या लॅपटॉपसाठी घेतला तो लॅपटॉप मागच्या दिवाळीत विकला. गाण्यांचं अ‍ॅप महिना ₹१४९, म्हणजे ₹१,७८८. सिनेमा-मालिकांचं महिना ₹२९९, म्हणजे ₹३,५८८, आणि गंमत अशी की तेच आमच्या मोबाइलच्या प्लॅनमध्ये फुकट येतं. व्यायाम ₹१,४९९. एक मासिक ₹९९९. 'कार्ड सुरक्षा योजना' ₹२,१२३. आणि एक परदेशी वेबसाइट, फरशी-लाकडाच्या टेक्स्चर फोटोंची, १२ डॉलर महिना. ती बिलात मार्कअप (परकी चलनासाठी बँक लावते तो आकार) आणि त्यावरचा जीएसटी धरून ₹१,०५०च्या आसपास पडते, वर्षाचे बारा हजार सहाशे.

एकूण ₹३३,२९५. घरच्यांनी परत येताना भेळ आणली होती. आकडा सांगितला, तर नवरोबा म्हणाले, "बंदच करून टाक नं ते कार्ड."

७ एप्रिल, सोमवार

कार्ड बंद करायच्या सल्ल्याबद्दल. बंद करणं अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सगळी बाकी भरलेली असेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायला पाहिजे, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹५०० ग्राहकाला द्यायचे. पण त्याच कार्डावर बाबांचा विमा आहे. हप्ता चुकला आणि लक्षात नाही आलं तर? संडासाचा नळ टपकतो म्हणून कोणी टाकीचा मेन व्हॉल्व्ह बंद करून गावाला जात नाही. मी नाही म्हणाले.

दिवसभर दाभ्याच्या साइटवर. रात्री दहा ते बारा चार ठिकाणी जाऊन रद्द केलं: गाणी, सिनेमा, व्यायाम, अँटिव्हायरस. गाणी आणि व्यायाम अ‍ॅप-दुकानातून, बाकी दोन त्यांच्या-त्यांच्या खात्यात. प्रत्येक ठिकाणी 'खरंच जाता?', 'अर्ध्या किमतीत राहा', 'महिनाभर थांबा'. सिनेमावाल्यांनी तर राहायच्या बटणाला निळा रंग दिला आणि जायच्या बटणाला फिका करडा, दिसूच नये असा. शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि 'रद्द झालं' हा मेल, दोन्ही एका फोल्डरमध्ये. साइटवर मोजमाप घेतलं की फोटो काढतोच आपण, तीच सवय.

गणिताच्या अ‍ॅपवाल्यांना परताव्याचा मेल केला.

९ एप्रिल, बुधवार

आजची नोंद मोठी. आजच मला हे प्रकरण खऱ्या अर्थाने कळलं.

मी समजत होते की कंपनीकडे माझा कार्ड नंबर आहे आणि ती मनाला येईल तेव्हा पैसे ओढते. तसं नाही. ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला कार्डाचा पूर्ण नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही, त्याच्याकडे नंबराऐवजी टोकन, म्हणजे एक बदली सांकेतिक क्रमांक, असतो. आणि दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे कापायचे तर बँकेकडे माझी एक कायमची परवानगी नोंदलेली लागते. त्याला ई-मँडेट म्हणतात. ती नोंदवताना एकदा ओटीपी लागतो. मी २०२३ मध्ये दिला असणार, 'सात दिवस फुकट'च्या नादात. त्यानंतरच्या कापणीला ₹१५,०००पर्यंत ओटीपी लागत नाही. ही मर्यादा सुरुवातीला, २०१९ मध्ये, ₹२,००० होती. २०२१ च्या जानेवारीपासून ₹५,०००, जून २०२२ मध्ये ₹१५,००० झाली. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून एक लाख. त्याच्या मोबदल्यात बँकेने कापणीच्या किमान २४ तास आधी कळवायचं, आणि त्या सूचनेतूनच ती एक कापणी किंवा अख्खी परवानगी नाकारायची सोय द्यायची. सूचना एसएमएसवर पाहिजे की ईमेलवर, ते आपण निवडायचं. मी कधीतरी ईमेल निवडला होता. आता एसएमएस केला. सगळ्यात आधी हेच करायला हवं होतं.

आता परवान्यांची यादी. बँकेच्या नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या पानावर 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' नावाचा दुवा आहे, कधी पाहिलाच नव्हता. तो बिलडेस्क या पेमेंट कंपनीच्या एसआय हब या पानावर नेतो. तिथे दहा ओळी. प्रत्येक ओळीत व्यापारी, जास्तीत जास्त रक्कम, किती दिवसांनी, कधीपर्यंत.

दोन गोष्टी पाहून घाम फुटला, कूलर चालू असताना. सिनेमावाल्यांचे महिन्याला ₹२९९, पण जास्तीत जास्त रकमेच्या रकान्यात ₹१५,०००. आणि मासिकाच्या परवानगीची अखेर २०५३. तेव्हा मी सत्तरीत असेन, आणि ते मासिक मला अजून येतच असेल.

काल-परवा तिकडे जाऊन रद्द केलेलं गाण्यांचं, सिनेमाचं, व्यायामाचं, तिन्ही परवाने इथे 'चालू'च दिसत होते. म्हणजे कंपनीकडची वर्गणी आणि बँकेकडचा परवाना या दोन वेगळ्या गाठी. अ‍ॅप मोबाइलवरून काढणं तर गाठच नाही, ती नुसती झाडलोट.

तिन्ही परवाने रद्द. गणिताच्या अ‍ॅपचा रद्द. मासिकाचा पण इथूनच रद्द केला, त्यांच्या वेबसाइटचा पासवर्ड आठवेना म्हणून. अँटिव्हायरसचा राहू दिला, तिकडे 'ऑटो-रिन्यूअल बंद' असा मेल आलेलाच आहे. बास झालं, डोळे चुरचुरतात.

रद्द करतानाही ओटीपी येतो. बाबा शेजारीच बसून पाहत होते. "अगं, ओटीपी कोणाले देऊ नको म्हणतात नं? अन तू तर धडाधड टाकून राहिली." म्हटलं, बाबा, मेसेज पूर्ण वाचा. नुसता आकडा वाचायचा नाही. 'मँडेट रद्द करण्यासाठी' असं लिहिलंय, आणि बँकेच्या पानावर मी स्वतः शिरलेय. कोणी फोनवर मागितला तर वेगळं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग माझ्याही मोबाइलमधी पाहून घे एकदा."

१० एप्रिल, गुरुवार

बाबांच्या एसएमएसमध्ये दर महिन्याच्या ११ तारखेला ₹२९९. बाबांकडे एफडीवर दिलेलं रुपे क्रेडिट कार्ड आहे, ते यूपीआयला जोडलेलं. नेटबँकिंगमध्ये परवान्यांची यादी रिकामी. म्हटलं हे कुठून गेले? बराच वेळ शोधलं. ते यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये होतं, 'ऑटोपे' या कप्प्यात. पंचांग आणि राशिभविष्याचं अ‍ॅप. 'एक रुपयात सात दिवस.' एक रुपया देताना बाबांनी पिन टाकला, त्याच पिनने महिन्याची परवानगीही दिली गेली. आठ महिने.

"पण पंचांग तर भिंतीवर आहे," बाबा म्हणाले. मग हळूच, "तिथी लवकर दिसे त्याच्यात."

ऑटोपे रद्द केलं, त्यालाही पिन लागला. उद्याची ११ तारीख टळली. बाबांना गेलेल्या पैशांपेक्षा आपण फसलो याचं जास्त वाईट वाटलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. मी माझे ₹८,४९९ सांगितले तेव्हा जरा बरं वाटलं त्यांना.

१२ एप्रिल, शनिवार

दुसरा शनिवार, बँक बंद. सोमवारी १४ तारखेची सुट्टी, दीक्षाभूमी आणि संविधान चौकाकडे गर्दी राहील. काम नाही.

गणिताच्या अ‍ॅपचं उत्तर आलं: नूतनीकरणानंतर परतावा नाही, अटींमध्ये कलम अमुक. उघडून पाहिलं, आहे. १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे वर्गणीत शिरायला सोपं आणि निघायला अवघड करून ठेवणं, हे केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमधल्या तेरा फसव्या पद्धतींपैकी एक आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर या कंपनीत बाहेर पडायचं बटण होतं. मी ते दाबलं नव्हतं. तक्रार लंगडी आहे, मलाही कळतं.

१५ एप्रिल, मंगळवार

परदेशी वेबसाइट. बँकेच्या परवान्यांच्या यादीत ती नाहीच. कारण कळलं: परदेशी व्यापाऱ्याकडच्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागेलच असं नाही. तो दर महिन्याला नवा सौदा केल्यासारखे पैसे ओढतो. वेबसाइटवर 'रद्द करा' दाबलं की चॅट उघडतं, चॅटमध्ये यंत्र बोलतं, यंत्र म्हणतं माणूस उद्या येईल. दोन रात्री माणूस आला नाही.

उपाय बँकेच्या अ‍ॅपमध्ये निघाला, चार खटके. देशातले ऑनलाइन, परदेशातले ऑनलाइन, टॅप करून, एटीएम. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला अशी चालू-बंदची आणि मर्यादा ठरवायची सोय द्यावी लागते. माझा परदेशी खटका कधीतरी कुठलासा फॉन्ट घेताना चालू केलेला, मग तसाच राहिला. बंद केला. बोटाचं एक घसरणं, बस. वेबसाइटला मेलही टाकला, आजपासून वर्गणी बंद समजा म्हणून, आणि मेल जपून ठेवला. नुसता खटका बंद करून गप्प बसले असते तर ते थकबाकी म्हणत राहिले असते.

१७ एप्रिल, गुरुवार

आज 'कार्ड सुरक्षा योजना'. ही बाहेरची कोणी नाही, बँकेनेच लावलेली. ₹१,७९९ अधिक १८ टक्के जीएसटी, दर सप्टेंबरात. ग्राहक सेवा म्हणते, तुम्ही फोनवर 'हो' म्हणालात. मी कधी? असेन म्हणाले. गाडी चालवताना 'हो हो, ठीक आहे' म्हणायची सवय आहे मला, त्याचा अर्थ 'फोन ठेवा' असा असतो.

भांडले नाही. लेखी मेल केला: योजना बंद करा, आणि माझी स्पष्ट संमती कशी घेतली त्याचा पुरावा पाठवा. एवढंच. तक्रार क्रमांक मिळाला, तारखेसकट डायरीत उतरवला.

२१ एप्रिल, सोमवार

ऊन मी म्हणून राहिलं. साइट सकाळी सहाला सुरू करून अकराला बंद.

दुपारी मेसेज: अँटिव्हायरस ₹२,१९९ कापले.

डोकं सणकलं. ७ तारखेला मी 'ऑटो-रिन्यूअल बंद' केलं, त्यांचा मेलही आला. पण बँकेतला परवाना मी राहू दिला होता, 'तिकडे झालंय' म्हणून. त्यांच्या यंत्रणेने जुनी मागणी पाठवली, बँकेने परवाना चालू पाहिला आणि पैसे दिले. कालचा सूचनेचा एसएमएसही आहे, रविवारी आलेला. आम्ही काल काटोलकडे लग्नात होतो, मोबाइल पर्समध्ये.

त्याच सुमारास उलट्या चुकीचं फळ. मासिकवाले रोज मेल पाठवून राहिले: 'तुमचं पेमेंट अयशस्वी, पद्धत अद्ययावत करा.' त्यांच्या दृष्टीने मी अजून वर्गणीदारच आहे. पासवर्ड बदलून खात्यात शिरले आणि तिथेही रद्द केलं. मेल थांबले.

आता क्रम पक्का झाला. आधी व्यापाऱ्याकडे रद्द, मेल किंवा स्क्रीनशॉट ताब्यात, मग त्याच बसणीत बँकेत परवाना रद्द. दोन्ही करूनच उठायचं. भिंतीतून पाइप काढला तर दोन्ही टोकांना बूच लागतं. एकच लावलं तर पाणी कुठून येतंय तेच कळत नाही.

परवाना आज रद्द. अँटिव्हायरस कंपनीला मेल, सोबत त्यांचाच ७ तारखेचा मेल जोडला.

२८ एप्रिल, सोमवार

अँटिव्हायरसचं उत्तर नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून व्यवहारावर हरकत नोंदवली. कारणांच्या यादीत 'रद्द केलेली वर्गणी पुन्हा कापली' असं कारण आहेच, फसवणूक नाही. हा फरक महत्त्वाचा. रागाच्या भरात 'मी हा व्यवहार केलाच नाही' निवडलं तर बँक कार्डच ब्लॉक करते, आणि चौकशीत खोटं पण ठरतो आपण. पुरावे जोडले: रद्द झाल्याचा मेल तारखेसकट, परताव्याची मागणी, बिलाची ओळ.

गणितवाल्यांनी १९१५ च्या तक्रारीवर तेच उत्तर पाठवलं, जरा गोड भाषेत.

शाखेतल्या ओळखीच्या काकाजींना सहज विचारलं, बँकेनेही नाही ऐकलं तर? ते म्हणाले, आधी बँकेला लेखी, तीस दिवस वाट पाहा, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. म्हटलं, संविधान चौकातच तर आहे रिझर्व्ह बँक, जाते तिथे. हसले. "तिथं कायले जाता? ऑनलाइन टाका, सीएमएसवर. अन कागदावर पाठवाचं असन तं चंदीगडले पाठवा लागते." सीएमएस म्हणजे रिझर्व्ह बँकेची तक्रारींची वेबसाइट. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेपासून कागदावरच्या सगळ्या तक्रारी चंदीगडच्या केंद्रात जमा होतात. चौकशीसाठी १४४४८.

५ मे, सोमवार

बिल आलं. तेराच्या जागी किती ओळी पिवळ्या? वर्षाच्या सोडून मोजलं तर ठेवलेल्याच, आणि वादातला अँटिव्हायरस. तो तात्पुरता जमा दाखवलाय, निकाल लागेपर्यंत.

'कमीत कमी रक्कम भरा' अशी चौकट मोठ्या अक्षरांत. वाद चालू आहे म्हणून बिल तुंबवायचं नाही. पूर्ण नाही भरलं तर बाकीवर व्याज लागतंच, आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. पूर्ण भरलं.

दुपारी एक मेसेज: टेक्स्चर वेबसाइटने पैसे ओढायचा प्रयत्न केला, 'आंतरराष्ट्रीय वापर बंद असल्याने नाकारला'. मोबाइल नवऱ्याला दाखवला, पोराला दाखवला, कामवाल्या मावशींना पण दाखवला. मावशी म्हणाल्या, "चांगलं झालं बाप्पा."

संध्याकाळी त्यांचा माणूस अखेर आला, मेलवर. खातं बंद केलं म्हणाला.

९ मे, शुक्रवार

सुरक्षा योजनेचे ₹२,१२३ परत जमा. संमतीचा पुरावा पाठवला नाही, त्याबद्दल अक्षरही नाही. 'ग्राहक समाधानासाठी'. मी पण पुढे ताणलं नाही.

१७ मे, शनिवार

आज एक नकली आला. 'उद्या तुमच्या कार्डावरून ₹४,९९९ कापले जातील, थांबवण्यासाठी दुवा दाबा.' दीड महिन्यात अशा सूचना वाचायची सवय लागली म्हणूनच बोट जवळजवळ गेलं होतं. पाठवणाऱ्याच्या जागी साधा दहा आकडी मोबाइल नंबर, व्यापाऱ्याचं नाव नाही, संदर्भ क्रमांक नाही. दुवा सोडून बँकेच्या अ‍ॅपमधून यादी पाहिली. चार ओळी, सगळ्या ओळखीच्या... थांबा, चार? ठेवायच्या पाच आहेत. दोन मिनिटं जीव वरखाली. मग आठवलं, वीज आणि मोबाइल बँकेच्याच 'बिलपे'मधून जातात, ते वेगळ्या पानावर असतात. म्हणजे इथे तीन पाहिजेत. चौथी?

चौथी ड्रॉइंग सॉफ्टवेअरचीच, दुसऱ्यांदा. मार्चमध्ये प्लॅन बदलला तेव्हा नवा परवाना झाला, जुना तसाच उरला. पैसे जात नव्हते, पण दार उघडंच होतं. रद्द.

नकली मेसेजने एक काम केलं म्हणायचं.

बाबांनाही असाच आला होता. त्यांनी दाबला नाही, मला फोन केला. "नाव नाही लिहिलं नं त्याच्यात, म्हणून म्हटलं विचारून घेतो."

४ जून, बुधवार

अँटिव्हायरसचा निकाल: तात्पुरती जमा आता कायम. ₹२,१९९ परत.

गणिताचे ₹८,४९९ गेले ते गेले. एप्रिल २०२६ पर्यंतचे पैसे भरलेत, तर अ‍ॅप पुन्हा मोबाइलवर चढवलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, बाहेर पाय ठेवायची सोय नाही, पोराला म्हटलं रोज एक धडा. तो तोंड वाकडं करून कूलरच्या झोतात बसलाय. वर्तुळाच्या प्रमेयावर आहे. अ‍ॅप मधे मधे त्याला विचारतं, पुढच्या वर्षाचं आत्ताच घेतलं तर तीस टक्के सूट. परवा त्याने मलाच विचारलं, "आई, नाही म्हणायचं नं?"

डायरीची मागची पानं संपत आली, साइटची पुढची पानं त्यांना येऊन भिडली आहेत. दाभ्याच्या गच्चीवर दुसरा थर पावसाआधी झाला पाहिजे.

सकाळी फोटो साठवणीचा एसएमएस आला. उद्या ₹१३०. वाचला. जाऊ द्या.